तडकलेले साइड पॅनल आणि मडगार्ड : घरच्या दुरुस्तीचा एका पावसाळ्यानंतरचा अनुभव

दुचाकीच्या साइड पॅनलची (सीटखालच्या बाजूच्या झाकणाची) गाडीला अडकवणारी मागची खुंटी तुटली की गॅरेजमध्ये बहुधा एकच उत्तर मिळते : ‘नवीनच टाका.’ परंतु जुन्या गाडीच्या उन्हाने उतरलेल्या रंगाशी नव्या पॅनलचा रंग जुळत नाही, आणि खुंटी ज्या कारणाने तुटली ते कारण कायम राहिले, तर नवे पॅनलही त्याच जागी तुटते. म्हणून माझ्या दीडशे सीसी गाडीचे डावे साइड पॅनल आणि पुढचे मडगार्ड मी गेल्या दिवाळीनंतर घरीच दुरुस्त केले. त्यानंतर सातारा-कोरेगाव रस्त्यावरची रोजची ये-जा, एक कडक उन्हाळा आणि आता पावसाळा एवढे सगळे होऊन गेल्यामुळे या दुरुस्तीविषयी खात्रीने लिहिता येते.

या कामात गोंद कोणता वापरावा यापेक्षा प्लॅस्टिक कोणते आहे, हे आधी पाहावे लागते. भाग उलटा केला की आतल्या बाजूला उठावाच्या अक्षरांत बहुधा ‘एबीएस’ किंवा ‘पीपी’ असे प्लॅस्टिकच्या प्रकाराचे नाव लिहिलेले सापडते. अक्षरे झिजली असतील तर कडेचा छोटासा, रंग नसलेला कपचा पाण्यात टाकावा : पॉलीप्रोपिलीन, म्हणजे पीपी, पाण्याहून हलके असल्याने तरंगते आणि एबीएस बुडते. माझ्या गाडीचे रंगवलेले साइड पॅनल एबीएसचे आणि काळे मडगार्ड पीपीचे निघाले. एबीएस अ‍ॅसिटोन या द्रावकात विरघळते, पीपीवर मात्र अ‍ॅसिटोनचा काही परिणाम होत नाही. दोन्ही भागांची दुरुस्ती वेगवेगळी करावी लागली ती यामुळेच.

पॅनलसाठी भंगारातल्या एबीएसच्या तुकड्याचा चुरा काचेच्या बाटलीत अ‍ॅसिटोन घालून रात्रभर ठेवला. सकाळी मधासारखा दाट लगदा तयार झाला. तड्याच्या टोकाला दोन मिलिमीटरचे छिद्र पाडले, म्हणजे तडा पुढे सरकत नाही, आणि आतल्या बाजूने तडा कोरून त्याची व्ही आकाराची खाच केली. लगदा एकदम जाड भरला तर वरून साय धरते, आत बुडबुडे राहतात आणि वाळताना तो आक्रसतो. म्हणून पातळ थर देत, प्रत्येक थर वाळू देत काम केले. खुंटीच्या बुडाशी चहाच्या जुन्या गाळणीची स्टीलची जाळी कापून लगद्यात बसवली. पूर्ण ताकद यायला एक दिवस पुरतो असे सांगतात, पण जाड जागी तीन-चार दिवस थांबणे बरे, कारण नखाने दाबले तर तोवर खूण उमटते. अ‍ॅसिटोन रंगही उतरवते, त्यामुळे दर्शनी बाजूला एक थेंबही जाऊ देऊ नये. ते अतिशय ज्वालाग्राही असल्याने हे काम गॅलरीत किंवा अंगणातच करावे.

खुंटी ज्या रबरी बुशात (छिद्रात बसवलेल्या रबरी कड्यात) बसते तो बुश वाळून कडक झालेला होता, आणि खुंटी तुटण्याचे खरे कारण तेच होते. पॅनल काढताना कडक रबर खुंटी सोडत नाही, आपण जोर लावतो आणि खुंटी बुडातून निघते. चारही बुश नवे घातले, त्यांना थोडा सिलिकॉन ग्रीस लावला. आता पॅनल हाताच्या हलक्या दाबाने बसते आणि निघते. हा खर्च दुरुस्तीच्या तुलनेत किरकोळ आहे, पण टिकाऊपणात निम्मा वाटा त्याचाच आहे, असे माझे मत झाले आहे.

मडगार्डचा तडा बोल्टच्या छिद्रापासून निघाला होता. मळून लावायचा इपॉक्सी गोंद पीपीला नीट धरत नाही. पूर्वीच्या मालकाने लावलेले ढेकूळ नखाने निघाले. येथे सोल्डरिंग आयर्नने (तारा डाग देऊन जोडायच्या तापत्या हत्याराने) दोन्ही कडा वितळवून एकमेकींत कालवाव्या लागतात. भर घालायला तळाशी त्रिकोणात 5 आकडा असलेल्या जुन्या डब्याच्या पट्ट्या वापरल्या, कारण तो आकडा पॉलीप्रोपिलीनचा आहे. आयर्न फार तापले की प्लॅस्टिक पिवळसर पडून धूर सोडते आणि जोड ठिसूळ होते. तशी चिन्हे दिसताच टोक ओल्या स्पंजावर पुसून थांबावे. मागून येथेही जाळी दाबली आणि बोल्टखाली रुंद वॉशर दिला.

आजची स्थिती अशी : साइड पॅनलची खुंटी पूर्ण शाबूत आहे, मात्र बाहेरून तड्याच्या रेषेवर रंगात केसाएवढी खूण तिरप्या उजेडात दिसते. मडगार्डची जोड चिखल, खडी आणि धक्के सोसून टिकली, पण मूळ खरखरीत पोत तेथे कायमचा गेला असून चकचकीत डाग उरला आहे. दिसण्याला महत्त्व देणाऱ्याने मडगार्ड नवे घ्यावे. एरवी मडगार्डसाठी ही जोड पुरेशी आहे. हेडलाइटच्या पारदर्शक भागावर मात्र हा लगदा लावू नये, कारण तो बहुधा पॉलिकार्बोनेटचा असतो आणि अ‍ॅसिटोनने त्याला बारीक तडे जातात. मागच्या टेल पॅनलचा तर कोपराच हरवला होता. तेथे जोडायलाच काही उरले नसल्याने तो भाग नवा घेतला.