वायफाय कॉलिंग आणि राऊटरचा मिनी यूपीएस : पावसाळ्यापासनं वापरतोय

वायफाय कॉलिंग म्हणजे मोबाईलचा नेहमीचाच कॉल, फक्त टॉवरऐवजी घरच्या वायफायवरनं जातो. आमचं घर बेळगावच्या वडगावात, जुनं, जांभ्या दगडाच्या जाड भिंती, माडीवर पत्रे, दोन्ही अंगाला घरं चिकटलेली. सोप्यात फोनच्या सेटिंगमध्ये सिम स्टेटस बघितलं तर सिग्नल उणे ९५ डीबीएम, माजघरात उणे ११८ (उण्याचा आकडा जितका मोठा तितका सिग्नल अशक्त). फोन लागत नाही असं नाही, लागतो, खरं बोलणं अर्धं गिळलं जातं आणि बँकेचा ओटीपी वेळ संपल्यावर येतो. सिम बदला म्हणणारे पुष्कळ भेटले, खरं त्यानं खात्री काय नाही. ८५०-९०० मेगाहर्ट्झचा सिग्नल भिंतीतनं जरा बरा शिरतो, १८००-२३०० वाला बाहेरच दमतो, आणि फोन यातला कुठला बँड (लहरींचा पट्टा) धरणार ते काय आपल्या हातात नाही.

बाजारात एकानं सिग्नल वाढवायचा बूस्टर, म्हणजे रिपीटर दाखवला, छतावर अँटेना, आत डबा, साडेसहा हजार. घेऊ नका. परवान्याशिवाय असला रिपीटर लावणं १९३३ च्या वायरलेस टेलिग्राफी कायद्यापासनं बेकायदा आहे, २०२३ चा नवा दूरसंचार कायदा आला म्हणून काय सूट मिळालेली नाही. वर असल्या डब्यानं टॉवरला त्रास होऊन आजूबाजूच्यांचेच कॉल तुटतात. एवढे पैसे घालून गल्लीच्या शिव्या कोण खाणार?

त्यापेक्षा घरात फायबरचं नेट होतंच, त्यावर वायफाय कॉलिंग चालू केलं. एअरटेलनं २०१९ च्या डिसेंबरात, जिओनं २०२० च्या जानेवारीत ही सोय आणलेली, वेगळे पैसे नाहीत, तरी आमच्या ओळखीत निम्म्यांच्या फोनमध्ये ते बटण बंदच. दोन सिम असतील तर दोन्हीला वेगवेगळं चालू करावं लागतं, हे दुकानदार सांगत नाही. माजघरातनं आवाज एकदम स्वच्छ, मागच्या गल्लीतल्या मागांचा खडखडाट सुद्धा समोरच्याला ऐकू जातो आता!

मग लागला पाऊस. लाईट गेली की राऊटर बंद, म्हणजे कॉल बंद. म्हणून चौदाशेचा १२ व्होल्टचा मिनी यूपीएस, म्हणजे राऊटरपुरती छोटी बॅटरी आणली. राऊटरचे दिवे छान चालू, नेट मात्र गायब. केबलवाल्याला फोन केला तर म्हणे यूपीएस हलका आहे तुमचा. अहो, राऊटर चालू आहे की! शेवटी मीच गल्लीच्या तोंडाला जाऊन बघितलं, खांबावर त्याचा नेट घराघरात वाटणाऱ्या स्विचचा डबा, त्याला लाईट लागते, ती गेली की सगळी गल्ली आडवी. पैसे महिन्याचे पूर्ण घेतो आणि विचारलं की ‘स्वल्प तडीरी’ (कानडीत ‘जरा थांबा’) म्हणून फोन ठेवतो. त्या दिवसात मी या सगळ्या सोयीला पाचपैकी दोन गुण दिले असते.

दिवाळीनंतर त्यानं लाईन बदलली. आता मध्ये नुसता स्प्लिटर (एका फायबरचे फाटे करणारा) आहे, त्याला लाईट लागत नाही, आणि त्याच्या हापिसातल्या मशीनला बॅटरी आहे. आता लाईट गेल्यावर दोनेक तास तरी सगळं चालतं. म्हणून चार. नवीन कनेक्शन घेणाऱ्यांनी स्पीडचं नंतर विचारा, आधी खांबावर लाईट लागणारा डबा आहे काय ते विचारा.

पाचवा का नाही, तर उंबरा. आमचे बाबा फोनवर बोलताना एका जागी बसत नाहीत. माजघरातनं सोप्यात, सोप्यातनं बोळात, आणि बोळात पाय टाकला की कॉल तुटला. फोन वायफायला शेवटपर्यंत चिकटून राहतो आणि सोडतो तेव्हा फोर-जी पण तिथं अशक्तच, मग कॉल कुणाच्याच हातात राहत नाही. बाहेर पार रस्त्यावर काही होत नाही, आत काही होत नाही, मधल्या त्या चार पावलांतच. राऊटर सोप्याकडं सरकवला तर तुटायची जागा बोळाच्या तोंडाला सरकली, एवढंच. सेटिंगमध्ये ‘मोबाईल नेटवर्कला पसंती’ केलं तर बोळातलं जमतं, खरं माजघरात परत तेच, कारण उणे ११८ ला सुद्धा फोन नेटवर्क आहे असंच समजतो. यावर उपाय बाबांना खुर्चीत बसवणे, तो काय आमच्याच्यानं होत नाही.

आणि आईचा बटणाचा फोन, त्यात हे काहीच चालत नाही. ती पूर्वीसारखीच परड्यात जाऊन बोलते. तिला नवीन घेऊ म्हटलं तर म्हणते, आधी त्या केबलवाल्याकडनं बंद दिवसांचे पैसे माघारी आण. ते बोलणं अजून चालू आहे, या महिन्याच्या बिलात कापून देतो म्हणालाय.