मराठी लिहिण्यासाठी कोणता कळफलक घ्यावा? इंदूरकरांसाठी तुलनात्मक आढावा

इंदुरातल्या मराठी घरांत फोनवर जे मराठी लिहिले जाते, ते बऱ्याचदा हिंदीच्या कळफलकावर लिहिलेले असते. जेल रोडवरून नवा फोन घेतला की दुकानदार इंग्रजीबरोबर हिंदी चालू करून देतो, लिपी एकच असल्यामुळे आणखी काही करावे असे कोणाला वाटत नाही, आणि मग रामबागेतल्या किंवा सुदामानगरातल्या एखाद्या मंडळाच्या सूचनेत ‘पाणी’चे ‘पानी’ होते आणि ‘होळकर’ हे या शहराचे नाव ज्यांच्याशी जोडलेले आहे त्यांचे आडनावही ‘होलकर’ होऊन बाहेर पडते. पुण्या-मुंबईच्या वाचकाला ही अडचण सहसा येत नाही, त्यामुळे तिकडे लिहिल्या जाणाऱ्या शिफारशींत तिचा उल्लेखही नसतो. येथे मात्र कोणतेही साधन निवडताना ते हिंदीच्या ओढीपासून मराठीला कितपत सांभाळते, हीच पहिली कसोटी मानली पाहिजे.

ही ओढ नेमकी कोठून येते ते आधी पाहू. रोमन अक्षरांत शब्द लिहून देवनागरीत मिळवण्याची जी पद्धत आहे, तीत ‘न’ की ‘ण’, ‘ल’ की ‘ळ’, ‘श’ की ‘ष’ हे रोमन अक्षरांवरून कळत नाही. कळफलक आपल्या शब्दसंग्रहात पाहून अंदाज करतो. शब्दसंग्रह हिंदीचा असेल तर अंदाजही हिंदीचाच निघणार. शिवाय मराठीला लागणारी काही चिन्हे हिंदीच्या मांडणीत आडबाजूला असतात किंवा नसतात. ‘ऱ्य’ हे त्यांपैकी सर्वांत महत्त्वाचे, कारण त्याच्यावाचून ‘आचाऱ्यांना’ आणि ‘आचार्यांना’ यांत भेद राहत नाही, आणि स्नेहभोजनाच्या हिशेबात मानधन कोणाला दिले याचा घोटाळा होऊ शकतो. ‘ॲ’ हे अक्षर युनिकोडमध्ये, म्हणजे सर्व संगणकांच्या सामाईक अक्षरसंचात, २००८ साली आले. त्याआधी ‘अ’ आणि चंद्र अशी दोन चिन्हे जोडून ते लिहीत आणि हिंदीच्या कळफलकावर आजही अनेकदा तसेच लिहावे लागते. दिसायला दोन्ही सारखी असली तरी संगणकाच्या लेखी ती वेगळी आहेत, त्यामुळे सभासदांच्या यादीत ‘ॲडव्होकेट’ शोधले की अर्धी नावे सापडतात आणि अर्धी सापडत नाहीत.

यावरचा पहिला उपाय फुकट आहे. कोणतेही नवे ॲप न घेता, असलेल्या कळफलकाच्या भाषांत मराठी ही स्वतंत्र भाषा म्हणून जोडावी. हिंदीत वेगळे लिहायचे नसेल, तर हिंदी काढून टाकली तरी चालते. मात्र येथे शाळा, कचेरी आणि शेजार हिंदीचा असल्यामुळे बहुतेकांना दोन्ही ठेवाव्या लागतील. तशा वेळी लिहायला बसताना कोणती भाषा चालू आहे ते पाहण्याची सवय लावावी लागते, आणि ती सवय लागेपर्यंत थोडा त्रास होतो.

फोनपुरता विचार केला तर खरी निवड दोन कळफलकांत आहे: गूगलचा जीबोर्ड आणि मायक्रोसॉफ्टकडे २०१६ पासून असलेला स्विफ्टकी. दोन्ही विनामूल्य आहेत आणि दोन्हींत मराठी आहे. आयफोनमध्ये मराठी कळफलक मुळातच असतो आणि रोजच्या निरोपांना तो पुरतो. स्विफ्टकीचा गुण असा की तो लिहिणाऱ्याचे शब्द लवकर उचलतो आणि भाषा न बदलता दोन भाषांतले शब्द सुचवतो. एकाच वाक्यात इंग्रजी-मराठी मिसळून लिहिणाऱ्या तरुण मुलांना तो आवडतो. पण हाच गुण इंदुरात अवगुण ठरू शकतो, कारण त्यात हिंदी आणि मराठी एकत्र ठेवल्या तर दोन्हींचे शब्द एकाच पट्टीत येतात आणि घाईत हिंदी शब्दावर बोट पडते. ज्यांना हिंदी लिहायचेच नसते त्यांनी तो निःशंक घ्यावा.

जीबोर्डच्या बाजूने माझा कल आहे, आणि त्याचे मुख्य कारण म्हणजे एकाच ॲपमध्ये मराठी लिहिण्याच्या तीन निरनिराळ्या रीती मिळतात. पहिली रोमन अक्षरांतून देवनागरीची. दुसरी थेट देवनागरी अक्षरांच्या मांडणीची. आणि तिसरी, जिच्याविषयी फार कमी लोकांना ठाऊक असते, ती बोटाने पडद्यावर अक्षर काढण्याची. घरातील ज्येष्ठांसाठी ही तिसरी रीत मला सर्वांत योग्य वाटते. ज्यांनी आयुष्यभर वळणदार हस्ताक्षरात पत्रे लिहिली, त्यांना आपली भाषा इंग्रजी अक्षरांतून लिहायला लावणे हे थोडे विचित्रच आहे. इंग्रजीशी फारसा संबंध न आलेल्या आजींच्या बाबतीत तर ती रीत निरुपयोगीच ठरते. बोटाने लिहिताना जोडाक्षरे ओळखली जातात, शब्द चुकला तर वरच्या पट्टीत पर्याय दिसतात, आणि ‘ळ’ काढला तर ‘ळ’च येतो. वेग कमी असतो, परंतु नातवाला पाठवायच्या चार ओळींसाठी वेगाची तशी गरजही नसते.

रोमन रीत मध्यमवयीन आणि तरुणांसाठी सोयीची आहे, कारण नवीन काही शिकावे लागत नाही. तिची मर्यादा ऱ्हस्व-दीर्घात आणि ‘ल’-‘ळ’सारख्या जोड्यांत दिसते. सुचवलेल्या पहिल्याच शब्दावर बोट ठेवण्याची सवय लागली की आपण काय लिहिले याकडे लक्ष राहत नाही आणि ‘बाळ’ हवा तेथे ‘बाल’ पडला तरी ते निरोप पाठवल्यावरच कळते. थेट देवनागरी मांडणीत सुरुवातीला अक्षरे शोधावी लागतात, परंतु लिहिलेले नेमके तेच येते. ज्यांना रोज लिहायचे असते आणि शुद्धलेखनाची चाड असते, त्यांनी हिच्यासाठी थोडे कष्ट घ्यावेत असे माझे मत आहे.

मराठी कळफलक या नावाने आणखी पुष्कळ ॲप मिळतात. सणासुदीच्या शुभेच्छांची चित्रे आणि रंगीबेरंगी पार्श्वभूमी हे त्यांचे आकर्षण असते. त्यांच्याविषयी एकच गोष्ट ध्यानात ठेवावी. कळफलक हे असे ॲप आहे की आपण लिहिलेला प्रत्येक शब्द त्याच्यातूनच पुढे जातो. तो बसवताना अँड्रॉइड याची सूचनाही देते, पण ती न वाचताच पुढे जाण्याकडे बहुतेकांचा कल असतो. निर्माता ओळखीचा नसेल आणि ॲप जाहिरातींवर चालत असेल, तर शुभेच्छांच्या चित्रांसाठी ते घेऊ नये.

बोलून लिहिण्याची सोय या सगळ्यांहून वेगळी आहे. गूगलच्या ध्वनिलेखनात २०१७ साली मराठीची भर पडली, आणि आज फोनवर जीबोर्डचे माइकचे चिन्ह दाबून किंवा संगणकावर क्रोममध्ये गूगल डॉक्स उघडून साधनांच्या यादीतून मराठीत मजकूर सांगता येतो. बैठकीचा वृत्तांत किंवा आठवणींचा लेख यांचा कच्चा खर्डा करण्यासाठी याच्याइतके जलद साधन नाही. पण विरामचिन्हे नंतर घालावी लागतात, विशेषनामे हमखास चुकतात, आणि एरवी आपल्या ध्यानात न येणारी आपली इंदुरी मराठी कागदावर उमटते: ‘मी येऊन राहिलो आहे’ असे सहज बोलून गेलेले वाक्य तसेच समोर येते. मला या बोलीत काही वावगे दिसत नाही, पण निमंत्रणपत्रिकेत ती चालणार नाही. म्हणून ध्वनिलेखन खर्ड्यापुरते वापरावे आणि दुरुस्तीसाठी कळफलक हाताशी ठेवावा. मोबाइल नेटवर्क अशक्त असलेल्या जागी मात्र त्याचा फारसा भरवसा धरता येत नाही.

संगणकावर निवड अधिक गंभीर होते, कारण तेथे लेख, अहवाल आणि स्मरणिका तयार होतात. विंडोजमध्ये मराठीचे दोन कळफलक आधीपासून असतात. इन्स्क्रिप्ट जुना आहे; केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिकी विभागाने तो १९८६ साली पुढे आणला आणि १९९१ च्या भारतीय मानकात त्याला स्थान मिळाले. ध्वनीवर आधारित ‘फोनेटिक’ कळफलक मायक्रोसॉफ्टने विंडोज १० च्या मे २०१९ च्या अद्ययावत आवृत्तीपासून दिला. सेटिंगमधील भाषांच्या यादीत मराठी जोडून त्याच्या पर्यायांत हवा तो कळफलक घेतला, की विंडोजची कळ आणि स्पेसबार एकत्र दाबून इंग्रजी-मराठी बदलता येते.

महिन्यातून एखाददुसरे पत्र लिहिणाऱ्याने फोनेटिक घ्यावा. फोनवर रोमन रीतीने लिहिण्याची सवय असेल तर तो पहिल्या दिवसापासून वापरता येतो. ज्याला नियमित लिहायचे आहे त्याने मात्र इन्स्क्रिप्ट शिकावा, आणि या आढाव्यातील माझा सर्वांत ठाम आग्रह हाच आहे. त्यात स्वर डाव्या हाताला आणि व्यंजने उजव्या हाताला असतात. ‘क’च्याच कळेवर शिफ्ट धरले की ‘ख’ आणि ‘ग’च्या कळेवर शिफ्ट धरले की ‘घ’, अशी वर्णमालेला धरून मांडणी असल्यामुळे मराठी शाळेत शिकलेल्याला तिची संगती लवकर लागते. ‘ल’च्या कळेवर शिफ्टने ‘ळ’ आणि ‘र’च्या कळेवर शिफ्टने ‘ऱ’ येतो. ‘दुसऱ्या’ लिहिताना हा ‘ऱ’, मग हलन्त, मग ‘य’ एवढेच करायचे असते. अंदाज, सुचवणी, शब्दसंग्रह यांचा संबंधच नसल्यामुळे हिंदीची ओढ येथे पूर्णपणे संपते.

मध्य प्रदेशात या निवडीला आणखी एक व्यावहारिक बाजू आहे. राज्याच्या अनेक नोकऱ्यांसाठी लागणाऱ्या सीपीसीटी या संगणक-प्रावीण्याच्या परीक्षेत हिंदी टंकन रेमिंग्टन गेल किंवा इन्स्क्रिप्ट या मांडणीवर करता येते. घरातील मुलगा किंवा मुलगी या परीक्षेची तयारी करणार असेल तर त्यांना इन्स्क्रिप्ट घ्यायला सांगावे. एकाच श्रमात हिंदी आणि मराठी दोन्ही हाती येतात. शिकवणी वर्गांचा ओढा पुष्कळदा रेमिंग्टनकडे असतो, पण तो जुन्या टंकलेखन यंत्रांच्या सवयीतून आलेला आहे.

रोमन अक्षरांतून मराठी लिहून देणाऱ्या गूगल इनपुट टूल्सविषयी अजूनही विचारणा होते, म्हणून एवढे सांगतो की संगणकावर बसवायची त्याची आवृत्ती गूगलने मागे घेतली आहे. क्रोममधील विस्तार (एक्स्टेन्शन) मिळतो आणि तो चांगला चालतो, पण तो ब्राउझरपुरताच. इतर स्थळांवरून मिळणारी जुनी आवृत्ती उतरवून घेण्याच्या फंदात पडू नये.

राहिला कृतिदेव. इंदुरातील छापखान्यांत आणि टंकन करून देणाऱ्या दुकानांत तो इतका रुजला आहे की मराठी मजकूर दिला तरी काम त्याच्यातच होते. हा युनिकोड नव्हे. इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीचे आकार बसवलेला हा एक टाइप (फॉन्ट) आहे. त्यामुळे त्यातील मजकूर व्हॉट्सअ‍ॅपवर टाकला किंवा टाइप नसलेल्या संगणकावर उघडला की इंग्रजी अक्षरांची निरर्थक रांग दिसते. जुनी स्मरणिका कृतिदेवात पडून असेल तर ती परिवर्तकाने युनिकोडमध्ये आणता येते, परंतु हे परिवर्तक प्रायः हिंदी डोळ्यांसमोर ठेवून केलेले असतात, म्हणून ‘ळ’, ‘ऱ्य’ आणि चंद्र असलेले शब्द एकेक करून तपासावे लागतात. नवे काम कृतिदेवात सुरू करण्याचे आज कोणतेही कारण उरलेले नाही, मग ते करून देणारा कितीही स्वस्तात देत असो.

शुद्धलेखन तपासण्यासाठी मायक्रोसॉफ्ट वर्डमध्ये मराठीचे साधन जोडता येते. ते ढोबळ चुका दाखवते, पण आडनावे आणि गावांची नावे लाल रेषेखाली आणते. त्याला साहाय्यकापेक्षा अधिक मान देऊ नये.

छपाईला जायचे असेल तर मजकूर टंकण्यापूर्वी छापखान्याला विचारून घ्यावे की युनिकोडमधील फाइल थेट वापरली जाईल, की तेथे ती पुन्हा कृतिदेवात टंकली जाईल. दुसरे उत्तर आल्यास छापखाना बदलावा, किंवा पानांची मांडणी स्वतः करून पीडीएफ द्यावी. मांडणीसाठी राज्य मराठी विकास संस्थेने विनामूल्य उपलब्ध करून दिलेले यशोमुद्रा आणि यशोवेणू हे टाइप घेतले तर ‘ल’ आणि ‘श’ मराठी वळणाचे येतात. हिंदीसाठी घडवलेल्या टाइपांत ही दोन अक्षरे आपल्या डोळ्यांना परकी वाटतात. मुद्रित, म्हणजे छपाईपूर्वी तपासायची प्रत, हाती आले की सगळा मजकूर वाचण्याआधी ‘ऱ्य’ असलेले शब्द, ‘ॲ’ने सुरू होणारे शब्द आणि सभासदांची आडनावे पाहावीत, फाइल वाटेत बिघडली असेल तर ते तेथेच उघडकीस येते.