विंडोज ११ ने नाकारलेला संगणक: वळसा घालून अपग्रेड, मुदतवाढ की लिनक्स?

विंडोज १० चा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि एरवी विनातक्रार चालणारे असंख्य संगणक एका दिवसात कालबाह्य ठरले. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यातील दुकानांत कंपन्यांकडून उतरलेले जे रिफर्बिश्ड डेस्कटॉप मिळतात, त्यांतील पुष्कळांमध्ये सहाव्या अथवा सातव्या पिढीचा इंटेल प्रोसेसर असतो. विंडोज ११ ला मात्र, मोजके अपवाद सोडल्यास, इंटेलची आठवी पिढी किंवा एएमडीची रायझन २००० मालिका आणि त्यापुढील प्रोसेसर लागतात. या आढाव्यात असाच एक संगणक डोळ्यांसमोर ठेवला आहे: सहाव्या पिढीचा आय-५, ८ जीबी रॅम आणि एसएसडी (हार्ड डिस्कपेक्षा वेगवान साठवण). त्यात अजूनही जुनी हार्ड डिस्क असेल तर आधी एसएसडी बसवून घ्यावी, कारण त्याशिवाय पुढील कोणताच पर्याय सुखाने वापरता येणार नाही.

निर्णयाआधी एक खातरजमा आवश्यक आहे. संगणक नाकारला गेला म्हणजे तो जुनाच आहे असे नसते. आठव्या पिढीचे कित्येक डेस्कटॉप केवळ बायोसमध्ये (संगणक सुरू होताना चालणाऱ्या मूळ सेटिंग्जमध्ये) टीपीएम ही सुरक्षेची चिप-व्यवस्था बंद असल्यामुळे अपात्र दाखवले जातात. इंटेलच्या बायोसमध्ये ही सोय ‘पीटीटी’ या नावाने, तर एएमडीच्या बायोसमध्ये ‘एफटीपीएम’ या नावाने दडलेली असते. विंडोजमधील ‘रन’ची चौकट उघडून टीपीएम.एमएससी ही आज्ञा दिली की टीपीएम सुरू आहे का आणि त्याची आवृत्ती २.० आहे का, हे लगेच समजते. डिस्कची मांडणी विंडोज ११ ला लागणाऱ्या जीपीटीऐवजी जुन्या एमबीआर पद्धतीची असल्यास विंडोजसोबत येणाऱ्या एमबीआर-टू-जीपीटी या साधनाने ती माहिती न पुसता बदलता येते. तरीही आधी बॅकअप घ्यावा, आणि बिटलॉकर (डिस्क कुलूपबंद करणारी विंडोजची सोय) सुरू असेल तर त्याची रिकव्हरी की कागदावर उतरवून ठेवावी. बायोसमधील एका बदलानंतर संगणक रिकव्हरी की मागत बसलेला आणि ती कोणाकडेच नाही, हा प्रसंग दुरुस्तीच्या दुकानांत नवा नाही. या तपासणीनंतर अडथळा केवळ प्रोसेसरचाच उरला, तरच खालील तुलनेचा उपयोग आहे.

पहिला पर्याय म्हणजे अटींना वळसा घालून विंडोज ११ बसवणे. तांत्रिकदृष्ट्या हे आता फारसे अवघड राहिलेले नाही. रुफस या मोफत साधनाने इन्स्टॉलेशनचा पेन ड्राइव्ह तयार करताना टीपीएम, सिक्युअर बूट (सुरू होताना केवळ विश्वासार्ह प्रणाली चालू देणारी सोय) आणि रॅमची अट काढून टाकण्याच्या पर्यायावर खूण करता येते. अपात्र प्रोसेसरवर अपग्रेड होऊ देणारा रजिस्ट्रीतील (विंडोजच्या अंतर्गत सेटिंग्जच्या नोंदवहीतील) बदल तर मायक्रोसॉफ्टने एके काळी स्वतःच प्रसिद्ध केला होता. अपग्रेड यशस्वी झाल्यावर संगणक नेहमीसारखा चालतो, टॅली चालते, डिजिटल स्वाक्षरीचे टोकन चालते, आणि वापरणाऱ्याला काहीही नव्याने शिकावे लागत नाही. या पर्यायाचे खरे बळ यातच आहे.

मात्र त्याची किंमत नंतर मोजावी लागते. अशा संगणकाला अपडेट मिळण्याचा हक्क नाही, हे मायक्रोसॉफ्टने स्पष्ट केलेले आहे. प्रत्यक्षात दरमहा येणारी सुरक्षा अपडेट आजवर येत राहिली आहेत, परंतु वार्षिक आवृत्ती आपोआप येत नाही. ती नवी आयएसओ फाइल (विंडोजची संपूर्ण इन्स्टॉलेशन प्रत) घेऊन, पुन्हा तोच वळसा घालून, हाताने बसवावी लागते. होम आणि प्रो आवृत्त्यांना प्रत्येकी २४ महिनेच पाठिंबा असतो. उदाहरणार्थ, २४एच२ या आवृत्तीचा पाठिंबा १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत आहे. म्हणजे किमान दोन वर्षांतून एकदा हे काम करणारी व्यक्ती घरात किंवा ओळखीत असली पाहिजे. ती नसेल, तर काही काळाने तुमच्याकडे विंडोज ११ असेल आणि तरीही सुरक्षा अपडेट नसतील, आणि ही गोष्ट पडद्याकडे पाहून लक्षातही येणार नाही.

हार्डवेअरच्या बाजूने दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. २४एच२ पासून पॉपकाउंट आणि एसएसई ४.२ या प्रोसेसरमधील सूचना अनिवार्य झाल्या आहेत. त्यामुळे कोअर टू ड्युओच्या काळातील संगणकांवर कोणताही वळसा चालत नाही, विंडोज सुरूच होत नाही. सहाव्या पिढीच्या प्रोसेसरमध्ये या सूचना आहेत, पण त्यात एमबीईसी ही मेमरीच्या संरक्षणाला मदत करणारी सोय नाही. ती इंटेलने सातव्या पिढीपासून दिली. या सोयीशिवाय विंडोजची ‘मेमरी इंटिग्रिटी’ ही संरक्षण व्यवस्था सॉफ्टवेअरच्या आधारे चालवावी लागते आणि संगणक मंदावतो. अपग्रेडनंतर सारेच जड झाल्यासारखे वाटले, तर आधी ही सेटिंग सुरू आहे का ते पाहावे. ती बंद केल्यास वेग परत मिळतो, पण संरक्षणाचा एक थर जातो, आणि मग विंडोज ११ अधिक सुरक्षित म्हणून घेतले या युक्तिवादात फारसा जीव राहत नाही.

दुसरा पर्याय आहे विंडोज १० वरच राहून वाढीव सुरक्षा अपडेट घेण्याचा. घरगुती ग्राहकांसाठी जाहीर झालेल्या योजनेनुसार ही अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतात. त्यासाठी ३० डॉलर किंवा तेवढी स्थानिक रक्कम भरता येते, किंवा मायक्रोसॉफ्ट रिवॉर्ड्सचे १,००० गुण वापरता येतात, किंवा सेटिंग्ज क्लाउडवर सिंक केल्यास काहीच द्यावे लागत नाही. मायक्रोसॉफ्ट खाते सर्वांनाच लागते, आवृत्ती २२एच२ असावी लागते, आणि एका परवान्यावर दहापर्यंत संगणक चालतात. व्यावसायिक संस्थांसाठी वेगळी योजना असून तिचा दर पहिल्या वर्षी प्रतिसंगणक ६१ डॉलर आहे. तो दरवर्षी दुप्पट होतो आणि ही सोय जास्तीत जास्त तीन वर्षे मिळते.

या मुदतवाढीत नवे काही मिळत नाही, केवळ वेळ मिळतो. पण ज्याच्या टेबलावरून जीएसटीचे विवरण भरले जाते आणि बँकेचे व्यवहार होतात, त्याच्यासाठी तिन्हींपैकी हाच सर्वांत सरळ मार्ग आहे: मुदतवाढ घ्यावी आणि त्या काळात नव्या संगणकासाठी पैशांची तरतूद करावी. अशा ठिकाणी वळसा घालून बसवलेली प्रणाली मी सुचवणार नाही. महिनाअखेरीस ती अडली तर निर्माता जबाबदारी घेणार नाही, आणि बसवून देणाऱ्याचा फोन त्या वेळी लागेलच असे नाही.

मुदतवाढ न घेता विंडोज १० तसेच चालू ठेवणारेही बरेच आहेत. त्यांनी २०१७ आठवावे. विंडोजमधील एका त्रुटीची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने त्या वर्षी मार्चमध्ये दिली होती. मे महिन्यात वॉनाक्राय या खंडणीखोर व्हायरसने हीच त्रुटी वापरून जगभर हाहाकार उडवला, आणि जूनअखेरीस आलेल्या नॉटपेट्या या दुसऱ्या व्हायरसने पसरण्याच्या इतर मार्गांसोबत हीही वाट वापरली. त्या तडाख्यात न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरातील मर्स्क समूहाच्या टर्मिनलचे कामकाज विस्कळीत झाले. तेव्हा दुरुस्ती उपलब्ध तरी होती. पाठिंबा संपलेल्या प्रणालीसाठी ती येईलच याची हमी नाही.

तिसरा पर्याय लिनक्सचा, म्हणजे विंडोजऐवजी चालणाऱ्या मोफत कार्यप्रणालीचा. नवख्या माणसासाठी लिनक्स मिंट हे त्यांतले सर्वांत ओळखीचे वाटणारे रूप आहे. खाली टास्कबार, डाव्या कोपऱ्यात मेनू, आणि २२ या आवृत्तीमालिकेला २०२९ पर्यंत सुरक्षा अपडेट. आपल्या उदाहरणातील संगणकावर ते विनासायास चालते, आणि येथे संगणक वळशाने आत शिरलेला पाहुणा नसतो. त्याला मिळणारी अपडेट इतरांसारखीच हक्काची असतात. ब्राउझर, ईमेल, व्हिडिओ, ऑनलाइन वर्ग आणि लिब्रेऑफिसमधील पत्रव्यवहार एवढेच काम असेल, तर माझा कौल निःसंकोचपणे मिंटला आहे. युनिकोड मराठीही अडत नाही; आयबस या टंकलेखनाच्या सोयीत एम१७एन हा कळफलकांचा संच घातला की इनस्क्रिप्ट आणि फोनेटिक दोन्ही पद्धतींनी टंकलेखन करता येते.

लिनक्स अडखळते ते भोवतालच्या वस्तूंपाशी. टॅली केवळ विंडोजसाठी आहे. डिजिटल स्वाक्षरीच्या टोकनला लिनक्सचा ड्रायव्हर आहे की नाही, हे त्या त्या मॉडेलवर ठरते. प्रिंटरचेही तसेच. आपल्याकडे झेरॉक्सच्या दुकानापासून वकिलांच्या कार्यालयापर्यंत दिसणाऱ्या कॅनन एलबीपी २९०० ला ‘कॅप्ट’ हा खास ड्रायव्हर लागतो आणि तो लिनक्सवर बसवणे कटकटीचे असते; याउलट एचपी लेझरजेट १०२० हा तितकाच जुना प्रिंटर एचपीच्या एचपीएलआयपी या संचातून, प्लगिन उतरवून घेतल्यावर, सुरळीत चालतो. म्हणून मिंट डिस्कवर बसवण्याआधी पेन ड्राइव्हवरून ‘लाइव्ह’ चालवावे आणि वायफाय, आवाज, स्कॅनर व मराठी कळफलक तपासून घ्यावा. डिस्कवरील विंडोजला त्यात धक्का लागत नाही.

क्रोमओएस फ्लेक्स या गूगलच्या कार्यप्रणालीचा उल्लेख या संदर्भात नेहमी होतो. ते हलके आहे, ४ जीबी रॅमवर चालते, पण त्यात प्ले स्टोअर नाही आणि ब्राउझरपलीकडे करण्यासारखे फार थोडे आहे. आजी-आजोबांच्या व्हिडिओ कॉलपुरता संगणक हवा असेल, तर ते चांगले आहे.

या तिन्ही पर्यायांत न बसणारा एक वर्ग आहे, तो म्हणजे छोट्या छापखान्यांतील आणि डीटीपी करणाऱ्यांचे संगणक. श्रीलिपी या मराठी टंकलेखनाच्या सॉफ्टवेअरची जुनी आवृत्ती, तिचे हार्डवेअर लॉक (संगणकाला जोडल्याशिवाय ती चालत नाही असे उपकरण), पानांची मांडणी करणारे पेजमेकर आणि वर्षानुवर्षांच्या बिगर-युनिकोड फाइली यांचे गणित विंडोज १० वर एकदा बसलेले असते. लिनक्सवर ते नेणे व्यवहार्य नाही, आणि वळसा घालून विंडोज ११ बसवल्यास लॉकचा जुना ड्रायव्हर चालेल याची शाश्वती नाही. अशा संगणकाची संपूर्ण डिस्क-प्रतिमा बाहेरच्या ड्राइव्हवर घेऊन ठेवावी, त्याची इंटरनेट जोडणी कायमची काढावी, ईमेल आणि व्हॉट्सॲपवरून येणारा मजकूर दुसऱ्या, अद्ययावत संगणकावर उतरवून व तपासूनच पेन ड्राइव्हने इकडे आणावा, आणि विंडोज १० आहे तसेच राहू द्यावे.