ब्रह्मकमळाला झिरो बावन्न चौतीस खत देऊन बघितलं, वर्षभराचा अनुभव

आमचं ब्रह्मकमळ म्हणजे २०१९ च्या पावसाळ्यात आत्यानी साताऱ्याहून ओल्या फडक्यात गुंडाळून आणलेलं एक पान. २०२४ पर्यंत ते इतकं वाढलं की बाल्कनीत कपडे वाळत घालायला जागा उरेना, पण फूल एकही नाही. समोरच्या काकूंकडे दर पावसाळ्यात फुलतं, तेव्हा आई रात्री तिकडे जाते, हळदकुंकू वाहून येते आणि आल्यावर एवढंच विचारते की आपलं कधी गं फुलायचं. खूप वाईट वाटायचं मला.

मी कमी केलं होतं असं नाही. दर महिन्याला शेणखत, आठवड्याला मोहरीच्या पेंडीचं पाणी, अधूनमधून १९:१९:१९ (नत्र म्हणजे नायट्रोजन, स्फुरद म्हणजे फॉस्फरस आणि पालाश म्हणजे पोटॅश, तिन्ही सारख्या प्रमाणात असलेलं खत), नर्सरीवाल्यानी दिलेलं एक फुलं येण्याचं लिक्विड (बाटलीवर आत काय आहे ते लिहिलेलंच नव्हतं, ६ महिने घातलं, शून्य फरक). मग २०२४ च्या दिवाळीत निफाडहून मामा आले, त्यांची द्राक्षबाग आहे, त्यांनी कुंडीकडे बघितलं आणि म्हणाले, "अगं तू याला लई खायला घालतीस, माजलंय हे. द्राक्षाचा वेल असा माजला की नुसता पाला होतो, घड दिसत नाही."

मला हे तेव्हा पहिल्यांदा कळलं की पुढच्या हंगामाचा घड वेलाच्या काडीवरच्या डोळ्यात, म्हणजे न फुटलेल्या कोंबात, एप्रिलच्या छाटणीनंतरच तयार होत असतो, आणि त्या दिवसात बागायतदार नत्र बंद करतात, पाणी तोडतात आणि झिरो बावन्न चौतीस मारतात. म्हणजे ००:५२:३४, मोनो पोटॅशियम फॉस्फेट, नत्र शून्य, स्फुरद ५२ टक्के, पालाश ३४ टक्के, पाण्यात पूर्ण विरघळणारी पांढरी साखरेसारखी पावडर. कृषी सेवा केंद्रात १ किलोचं पाकीट मिळतं, मला २०० च्या आसपास पडलं. घरच्या कुंड्यांना एवढं पाकीट दोन-तीन वर्षं सहज पुरेल, फक्त तोंड उघडं ठेवलं तर दमट हवेत खडे होतात, म्हणून मी ते झाकणाच्या बरणीत काढून ठेवलंय.

मामांनी एक गोष्ट बजावून सांगितली होती की लगेच सुरू करू नको, आधी झाडाला उपाशी ठेव. मग नोव्हेंबरपासून सगळी खतं बंद केली. डिसेंबर ते फेब्रुवारी पाणी १२-१५ दिवसांनी एकदा, तेही बोट घालून माती वरून दोन पेरं कोरडी लागली तरच. नाशिकची थंडी आणि त्यात पाणी नाही, पानं जरा सुरकुतली, आईला बघवेना, मलाही धीर धरणं कठीण गेलं. पण हे झाड मुळात निवडुंगाच्या कुळातलं आहे, आपण पान म्हणतो तो खरा चपटा झालेला दांडा, आणि मेक्सिको-मध्य अमेरिकेकडे ते जंगलात मोठ्या झाडांच्या फांद्यांवर वाढतं, त्यामुळे थोडं कोरडं राहणं त्याला चालतं. कुंडीही बदलली नाही, मुळं तंग असली तर बरं फुलतं असं सगळेच म्हणतात.

(जाता जाता, हिमालयातलं ब्रह्मकमळ, जे उत्तराखंडचं राज्यफूल आहे, ते पूर्ण वेगळं झाड, सूर्यफुलाच्या कुळातलं आणि उंच थंड डोंगरातलं. त्याच्या नावानी ऑनलाइन बिया दिसल्या तर पैसे घालवू नका, आपल्या हवेत ते होणारं नाही.)

मार्चमध्ये नेहमीसारखं पाणी सुरू केलं आणि १५ एप्रिलपासून खत. माझं प्रमाण १ लिटर पाण्याला १ ग्रॅम, दर १५ दिवसांनी. किचनच्या वजनकाट्यावर ५ ग्रॅम मोजायचे आणि ५ लिटरच्या बादलीत ढवळायचं. आदल्या दिवशी साधं पाणी घालून माती ओली करून ठेवायची, कोरड्या मातीत खत ओतायचं नाही. आणि कॅल्शियमवालं कुठलंही खत याच्याबरोबर एका बादलीत मिसळू नका, खाली पांढरा साका बसतो आणि दोन्ही वाया जातं.

आता खरा मुद्दा. माझ्याकडे याच झाडाच्या एकूण तीन कुंड्या आहेत. मोठी आणि एक लहान पूर्वेच्या बाल्कनीत, जिथे सकाळी १० पर्यंत ऊन येतं, आणि तिसरी, लहानीएवढीच, जिन्याच्या खिडकीत, तिथे उजेड आहे पण ऊन अजिबात नाही. उपाशी तिन्ही ठेवल्या. खत मोठीला आणि जिन्यातलीला दिलं, बाल्कनीतल्या लहानीला मुद्दाम दिलं नाही. मोठीला ११ कळ्या, लहानीला बिनखताच्या ३, आणि जिन्यातलीला खत खाऊनसुद्धा एकही नाही. म्हणजे मोठीला जास्त आल्या त्याचं सगळं श्रेय मी खताला देत नाही, ती मुळात तिप्पट मोठी आहे, पण जिन्यातल्या कुंडीनी मला स्पष्ट दाखवलं की ऊन नसेल तर हे पाकीट घेऊन काही होणार नाही, आणि लहानीनी दाखवलं की ऊन आणि उपास असेल तर खताशिवायही फुलतं. कोणी मला आता विचारलं की कुठलं खत घेऊ तर मी आधी विचारते, कुंडी कुठे ठेवली आहे आणि शेणखत किती घालता.

ऊन म्हणजे दुपारचं नाही हां. एप्रिलच्या शेवटी दोन दांडे पिवळे पडून वर तपकिरी डाग आले तेव्हा मी ५० टक्केवाली हिरवी शेडनेट बांधली, मग थांबलं.

२१ जूनला पहिली कळी दिसली. पानाच्या कडेला ज्या खाचा असतात तिथूनच नवीन पानही फुटतं आणि कळीही, म्हणून सुरुवातीला माझा विश्वास बसेना, रोज सकाळी चष्मा लावून बघायचे. नवीन पानाचं टोक चपटं आणि हिरवं असतं, हे गोल होतं, मुगाएवढं, लालसर. आठवड्यात त्याला देठ फुटून ते खाली लोंबलं, आणि मग तो देठ हंसाच्या मानेसारखा वळून कळी वर बघायला लागली. इथे माझी चूक झाली, पावसाची झड येत होती म्हणून मी मोठी कुंडी उचलून आत आणली आणि दिशा बदलली, चार दिवसात ३ कळ्या पिवळ्या पडून गळल्या. कळी दिसली की कुंडी हलवायची नाही, फिरवायचीही नाही. खतही मी तेव्हा थांबवलं.

१७ जुलैला संध्याकाळी एक कळी एकदम फुगलेली दिसली, आईला सांगितलं आज. साडेआठला बाहेरच्या गुलाबी काड्या सैल झाल्या, ११ ला फूल पूर्ण उघडलं, माझ्या वितीएवढं, आत पांढऱ्या केसरांच्या मध्ये चांदणीसारखी कुक्षी, आणि वास इतका की हॉलमध्ये बसलेल्या बाबांना कळलं. आईनी समोरच्या काकूंना फोन करून बोलावलं, या वेळी तबक आमच्या घरात होतं. सकाळी ६ ला ते ओल्या रुमालासारखं लोंबत होतं. मोठीची एकूण ८ आणि लहानीची ३ फुलं ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत झाली.

मामांना फोटो पाठवले तर त्यांचा लगेच फोन आला, म्हणाले आता लाडात येऊन परत शेणखत घालू नको. पावसाळा संपल्यावर एकदाच मूठभर घातलंय, त्यांना सांगून. आता ऑक्टोबर चालू आहे, पाणी कमी करायला लागलेय, आणि जिन्यातली कुंडी परवा बाल्कनीत लहानीच्या शेजारी आणून ठेवली. आता या दोघी जवळजवळ सारख्या आहेत, त्यामुळे एप्रिलपासून एकीलाच खत देणार आहे आणि कळ्या वहीत मोजून ठेवणार आहे.