अकरा मार्चचे पान : एका दिनविशेष दिनदर्शिकेची परीक्षा

गेल्या डिसेंबरात बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या एका वह्या-पुस्तकांच्या दुकानातून मी टेबलावर उभी राहणारी एक दिनविशेष दिनदर्शिका ३४० रुपयांना घेतली. प्रकाशकाचे नाव येथे मुद्दाम देत नाही, कारण तिच्यातले बहुतेक दोष या प्रकारच्या सगळ्याच दिनदर्शिकांत कमी-अधिक प्रमाणात आढळतात आणि एकालाच वेठीला धरणे न्यायाचे होणार नाही. तिच्यात वार नाहीत, तिथी नाहीत, सणही नाहीत. केवळ ३६६ पाने आहेत, आणि प्रत्येक पानावर त्या तारखेला घडलेल्या घटना, जन्मलेल्या व्यक्ती आणि निधन पावलेल्या व्यक्ती असे तीन भाग आहेत. वार नसल्यामुळे ती दर वर्षी नव्याने वापरता येते, म्हणजे पान फाडायचे नाही, उलटायचे. बडोद्यात वाढलेल्या माणसाला हे थोडे चमत्कारिक वाटते. आमच्या स्वयंपाकघराच्या दाराशेजारी गुजराती तारीखियूं लटकते, त्याचे पान रोज सकाळी फाडल्याशिवाय चहा गोड लागत नाही, आणि देवघरात मराठी पंचांग असते. एकाचे वर्ष दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी बदलते, दुसऱ्याचे गुढीपाडव्याला. या दोघांत ही तिसरी पाहुणी आली.

अशा वस्तूची परीक्षा घ्यायची तर आपल्याला आधीच नीट माहीत असलेली एखादी तारीख उघडून पाहावी. मी ११ मार्च उघडली. बडोदेकराला दुसरी तारीख सुचणे कठीणच, कारण १८६३ मध्ये याच तारखेला सयाजीराव गायकवाड (तिसरे) यांचा जन्म झाला. पान पाहून प्रथम समाधान वाटले. घटनांमध्ये १९८५ साली मिखाईल गोर्बाचेव्ह यांची सोव्हिएत कम्युनिस्ट पक्षाच्या सरचिटणीसपदी झालेली निवड, १९९० मधील लिथुआनियाची स्वातंत्र्यघोषणा, २००४ मध्ये माद्रिदच्या लोकलगाड्यांत झालेले बॉम्बस्फोट, २०११ चा जपानमधील भूकंप व त्सुनामी, आणि २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने कोविडला महामारी म्हटल्याची नोंद, हे सगळे आहे. निधनांत १६८९ साली छत्रपती संभाजी महाराज आणि १९५५ साली पेनिसिलिनचा शोध लावणारे अलेक्झांडर फ्लेमिंग. जन्मांत सयाजीराव आणि क्रिकेटपटू विजय हजारे. एवढ्याशा पानावर निवड वाईट नाही. कोणत्या तरी परदेशी नटांच्या वाढदिवसांनी पान भरून टाकण्याची जी खोड अलीकडे दिसते, ती येथे नाही, आणि संपादकाने मराठी वाचक डोळ्यांसमोर ठेवला आहे हे पानापानांतून जाणवते.

मात्र नोंद बरोबर निवडणे वेगळे आणि ती बरोबर लिहिणे वेगळे. सयाजीरावांची नोंद अशी छापली आहे की त्यांचा जन्म बडोद्यात, राजवाड्यात झाला असावा असेच वाचणाऱ्याला वाटेल. वस्तुस्थिती अशी की त्यांचा जन्म नाशिक जिल्ह्यातील कवळाणे येथे झाला, मूळ नाव गोपाळराव, आणि घर गायकवाडांच्या दूरच्या शाखेचे. १८७५ मध्ये मल्हारराव गायकवाडांना पदच्युत केल्यावर खंडेराव महाराजांच्या पत्नी जमनाबाई यांनी दत्तक घेण्यासाठी मुलांची पाहणी केली, आणि त्या वर्षीच्या २७ मे रोजी बारा वर्षांचा गोपाळ सयाजीराव झाला. राज्यकारभाराची पूर्ण सूत्रे त्यांच्या हाती आली ती २८ डिसेंबर १८८१ रोजी. ही दोन्ही पानेही मी उघडून पाहिली. २७ मेला दत्तकविधानाचा उल्लेख नाही, २८ डिसेंबरलाही नाही. ज्या पानावर त्यांचा जन्म आहे तेथे ‘बडोद्याचे महाराज व समाजसुधारक’ एवढेच वर्णन आहे. ‘समाजसुधारक’ हा शब्द दिनविशेषाच्या लेखकांना फार सोयीचा असतो, कारण त्यात कोणालाही बसवता येते. त्याऐवजी १८९३ मध्ये अमरेली भागात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग सुरू केला आणि १९०६ मध्ये तो संपूर्ण संस्थानाला लागू केला, एवढे एकच वाक्य छापले असते तरी शाळकरी मुलाच्या हाती काहीतरी लागले असते. जागा नव्हती असे म्हणता येणार नाही, कारण त्याच पानाच्या तळाशी दोन बोटे रुंदीची फुलांची वेलबुट्टी आहे.

हजाऱ्यांच्या बाबतीतही तसेच. जन्म सांगलीचा, १९१५ चा, हे बरोबर आहे, पण ते बडोद्याकडून खेळले हे कोठेच नाही. १९४७ च्या मार्च महिन्यात रणजी करंडकाच्या अंतिम सामन्यात, येथेच बडोद्यात, हजारे आणि गुल महंमद यांनी होळकर संघाविरुद्ध चौथ्या गड्यासाठी ५७७ धावांची भागीदारी केली, त्यात हजाऱ्यांच्या २८८ आणि गुल महंमद यांच्या ३१९ धावा होत्या. इंदूरच्या माझ्या नणंदेसमोर हा आकडा काढला की ती अजूनही विषय बदलते. आपल्या देशाने पहिला कसोटी विजय १० फेब्रुवारी १९५२ रोजी मद्रासला इंग्लंडवर मिळवला तेव्हा कर्णधार हजारेच होते. १० फेब्रुवारीच्या पानावर विजय आहे, कर्णधाराचे नाव नाही. म्हणजे या दिनदर्शिकेतली पाने एकमेकांशी बोलत नाहीत. प्रत्येक पान स्वतंत्रपणे, बहुधा वेगवेगळ्या माणसाने, जुळवलेले आहे.

आता मुख्य आक्षेपाकडे येते. माझा नातू इयत्ता सातवीत आहे आणि पान उलटण्याचे काम त्याने आपणहून घेतले आहे. ११ मार्चचे पान वाचून त्याने विचारले, “आजी, संभाजी महाराज गेले तीच तारीख सयाजीरावांच्या जन्माची, म्हणजे वर्षातला दिवस तोच ना?” प्रश्न साधा होता आणि त्याचे उत्तर ‘नाही’ असे आहे, जे या दिनदर्शिकेने कोठेही सांगितलेले नाही.

संभाजी महाराजांचा वध फाल्गुन अमावास्येला, शके १६१० मध्ये, तुळापूर येथे झाला. त्याची ११ मार्च १६८९ ही जी इंग्रजी तारीख रूढ आहे, ती जुन्या म्हणजे ज्युलियन पद्धतीची आहे. पोप ग्रेगरी यांनी १५८२ मध्ये दिनदर्शिका सुधारली, त्या वर्षी रोममध्ये ४ ऑक्टोबरनंतर एकदम १५ ऑक्टोबर आला, पण इंग्लंडने ही सुधारणा १७५२ पर्यंत स्वीकारली नाही. त्यामुळे सतराव्या शतकातील इंग्रजी कागदपत्रांच्या तारखा जुन्या पद्धतीच्या आहेत आणि त्या आजच्या पद्धतीपेक्षा दहा दिवसांनी मागे आहेत. आजच्या पद्धतीने मोजल्यास १६८९ मधला तो दिवस २१ मार्चचा ठरतो. याची पडताळणी घरबसल्या करता येते, कारण अमावास्या ही आकाशातली गोष्ट आहे आणि ती कोणाच्या फर्मानाने पुढे-मागे होत नाही. चंद्राच्या फेऱ्यांचे गणित मागे नेले तर १६८९ मधली ती अमावास्या आजच्या पद्धतीच्या २१ मार्चलाच येते. तेव्हा ज्या दिवशी तुळापूरला ते भयंकर घडले, त्या दिवशी ऋतुमानाप्रमाणे दिवस आणि रात्र जवळजवळ सारखी होती, तर १८६३ मधल्या ११ मार्चला विषुवदिनाला अजून दहा दिवस बाकी होते. एका पानावर एकाखाली एक छापलेल्या या दोन तारखा दोन वेगवेगळ्या मोजपट्ट्यांच्या आहेत.

हीच गोष्ट १९ फेब्रुवारीच्या पानाची. शिवाजी महाराजांच्या जन्माची १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख, फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१, जुन्या पद्धतीची आहे. नव्या पद्धतीने तो १ मार्च होतो. शिवजयंती तिथीने की तारखेने हा वाद आपल्याकडे दर वर्षी फेब्रुवारीत उठतो आणि मार्चमध्ये विरतो, पण त्या वादात तारीख कोणत्या पद्धतीची हे विचारणारे मला फार थोडे भेटले. ज्या घरात फाल्गुन अमावास्येला संभाजी महाराजांचे स्मरण केले जाते, तेथे तो दिवस २०२४ मध्ये ८ एप्रिलला आला आणि २०२५ मध्ये २९ मार्चला. दिनदर्शिकेतला ११ मार्च मात्र जागचा हलत नाही. दिनदर्शिका वर्षानुवर्षे वापरता यावी म्हणून तिथी गाळल्या, हे व्यवहाराला धरून आहे आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही. परंतु १७५२ पूर्वीच्या इंग्रजी नोंदींपुढे ‘जु.’ असे एक अक्षर आणि मूळ तिथी ज्ञात असेल तेथे ती कंसात छापली असती, तर या वस्तूचे मोल दुप्पट झाले असते. पहिल्या पानावर संपादकीय निवेदन आहे, त्यात काळाचा महिमा आणि संस्काराचे महत्त्व यांवर दीड परिच्छेद आहे. त्याच जागेत हा खुलासा आरामात मावला असता. उत्साहाच्या भरात तारखांच्या योगायोगाला अर्थ चिकटवण्याची हौस अनेकांना असते. २३ एप्रिल १६१६ हे त्याचे जगप्रसिद्ध उदाहरण : शेक्सपिअर आणि सर्व्हांटिस एकाच दिवशी गेले असे कौतुकाने सांगतात, पण स्पेनमध्ये तेव्हा नवी पद्धत होती आणि इंग्लंडमध्ये जुनी, म्हणून तारखांचे आकडे जुळले तरी दिवस जुळले नव्हते. या दिनदर्शिकेच्या २३ एप्रिलच्या पानावर हा योगायोग उद्गारचिन्हासह दिलेला आहे.

छपाईविषयी थोडक्यात. कागद जाड आहे, शाई पाठीमागे उमटत नाही, तारेची बांधणी घट्ट आहे आणि पाने अडकत नाहीत. अक्षर वृद्धांना चष्म्याशिवाय वाचता येईल इतके मोठे नाही. जोडाक्षरे मधूनमधून तुटलेली आहेत, आणि सप्टेंबर महिन्यात दोन ठिकाणी इकार-उकाराच्या चुका राहिल्या आहेत. छायाचित्रे करड्या रंगात इतकी काळवंडली आहेत की चेहरे ओळखण्यासाठी खालचे नाव वाचावे लागते. पुठ्ठ्याची घडी फेब्रुवारीतच सैल पडली. मी मागे दोन इंचांची चिकटपट्टी लावली आहे.

एका गोष्टीचे मात्र मनापासून कौतुक करायला हवे. ३० एप्रिलच्या पानावर १८७० मध्ये त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांच्या नोंदीत, त्यांनी बडोद्याच्या कलाभवनात शिक्षण घेतल्याचा उल्लेख आहे. महाराजा सयाजीराव विद्यापीठाची स्थापना १९४९ मध्ये याच तारखेला झाली, आणि पुढे कलाभवन त्याच विद्यापीठात सामावले गेले. हे दोन धागे संपादकाने शेजारी शेजारी ठेवले आहेत, बहुधा नकळत. पण वाचणाऱ्याच्या मनात ते जुळतात. नातवाला ते वाचून दाखवल्यावर त्या रविवारी आम्ही कलाभवनाची इमारत बाहेरून पाहून आलो. अशी पाने पाच-पंचवीस तरी आहेत, आणि त्यांच्यासाठी ३४० रुपये जास्त नाहीत.

२३ सप्टेंबरचे पान मात्र अशा पानांत नाही. बडोदे संस्थानाच्या शिष्यवृत्तीवर परदेशी शिकून आलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर संस्थानाच्या नोकरीत रुजू झाले, पण जातीमुळे शहरात राहायला जागा मिळेना. १९१७ मध्ये २३ सप्टेंबर रोजी कमाटीबागेतल्या झाडाखाली बसून त्यांनी जो निश्चय केला, त्यामुळे त्या जागेला आज संकल्पभूमी म्हणतात आणि दर वर्षी त्या दिवशी तेथे लोकांची रीघ लागते. दिनदर्शिकेत या दिवशी दोन शास्त्रज्ञ, एक करार आणि एक विमान आहे. ही दिनदर्शिका घ्यायची असेल तर शेजारी शिसपेन्सिल ठेवावी, असे मी दुकानदारालाही सांगितले. त्या पानाच्या वेलबुट्टीच्या वरच्या कोऱ्या पट्टीत नातवाने आपल्या अक्षरात ती नोंद लिहिली आहे, आणि ११ मार्चच्या पानावर ‘कवळाणे’ हा शब्द मी लिहिला आहे. बाकीची पाने सवडीने तपासायची आहेत.