प्ले झोनचा 'मॉन्सून पास' घेण्याआधी हे वाचा

पावसाळ्यात मुलांना घेऊन मॉलमधल्या प्ले झोनमध्ये जाणाऱ्या सगळ्या आईबाबांसाठी लिहिते आहे. तिथे काउंटरवर जो 'मॉन्सून पास' किंवा तासांचं प्रीपेड कार्ड गळ्यात मारतात, ते घेऊ नका. आमचे साडेसहा हजार गेले, आणि आमच्यासारखी बरीच कुटुंबं आहेत.

आम्ही ठाण्यात राहतो. जुलैत मैदानात चिखल, सोसायटीच्या पार्किंगमध्ये खेळायला बंदी, आणि मुलं घरात कोंडलेली. मग मॉल हाच आसरा. ही माणसं नेमका त्याचाच फायदा घेतात.

विकायची पद्धत नीट बघा. आधी मुलाचे बूट काढायला लावतात, मनगटावर कागदी पट्टा बांधतात. दर त्यानंतर सांगतात : तासाचे सातशे, सोबतच्या मोठ्या माणसाचे वेगळे, मोजे वेगळे. आणि लगेच, "मॅडम, पंधरा तासांचा पास घ्या ना, खूप स्वस्त पडेल. ऑफर फक्त आजच आहे." तोवर मूल आत पळालेलं असतं. त्या क्षणी कोण घासाघीस करणार?

पास सप्टेंबरअखेरपर्यंत चालणार होता. ऑगस्ट संपायच्या आतच शटर खाली. त्यावर सेलोटेपने चिकटवलेला कागद : 'नूतनीकरणासाठी बंद'. फोनही बंद. मॉलच्या ऑफिसात उत्तर मिळालं, "ते भाडेकरू होते, करार संपला, आमचा काय संबंध?" शेजारच्या पॉपकॉर्नवाल्या दादांनी सांगितलं की जागा सोडायची आहे हे तिथल्या पोरांना मे महिन्यापासूनच माहीत होतं. तरीही जून-जुलैत पास विकणं चालूच! याला धंदा बुडाला असं म्हणत नाहीत, ही ठरवून केलेली लूट आहे.

कागदपत्रं काढून बसलो तेव्हा आणखी एक गोष्ट दिसली. पाटीवर एक नाव, पावतीवर दुसरंच, आणि यूपीआयने पैसे गेले ते तिसऱ्याच कुणाच्या खात्यात. पावतीवर जीएसटी क्रमांक नाही, पत्ता नाही. शिवाय ती गुळगुळीत थर्मल कागदावरची, पाकिटात राहून अक्षरं पुसट झालेली. मोबाइलमध्ये व्यवहाराचा तपशील होता म्हणून हातात काही पुरावा तरी राहिला. पैसे देताना स्क्रीनवर येणारं नाव पाटीशी जुळत नसेल तर तिथेच थांबा आणि विचारा.

पास आधीच घेतला असेल तर पावतीचा फोटो आजच काढून ठेवा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. तिथे तक्रार नोंदवून क्रमांक घ्या, पण ते फक्त समेटाचा प्रयत्न करतात, आदेश देत नाहीत. आदेश जिल्हा ग्राहक आयोगच देतो. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यामुळे आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकील लागतोच असं नाही, आणि मुदत दोन वर्षांची आहे. अर्ज ई-जागृति पोर्टलवरून ऑनलाइन भरता येतो. आयोगाच्या परवानगीने अनेकांना मिळून एकच तक्रार करता येते, आणि आम्ही तीच तयार करतो आहोत.

पावसातल्या रविवारी आता आम्ही वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्रात जातो. मुलांना हाताने चालवून बघायची यंत्रं आहेत, दिवस कसा गेला कळत नाही. फोर्टातल्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात मुलांसाठी वेगळं दालन आहे. लोकलचा प्रवास लांब पडतो हे खरं, पण दोन्हीकडे खिडकीवर त्या दिवसाचं तिकीट काढायचं आणि आत जायचं. उरलेल्या तासांचा हिशोब कुणाच्या हातात ठेवावा लागत नाही.

ठाण्यात याच उन्हाळ्या-पावसाळ्यात बंद पडलेल्या प्ले झोनचा पास तुमच्याकडेही असेल, तर यूपीआय व्यवहाराचा स्क्रीनशॉट जपून ठेवा आणि आमच्या तक्रारीत सामील व्हा.