एफ-१६ उडवायचं आहे: डीसीएस घ्यावं की फाल्कन बीएमएस?

घरच्या संगणकावर एफ-१६ हे लढाऊ विमान मनापासून शिकायचं ठरवलं, की चाळत चाळत दोनच पर्याय हाती राहतात. एक, डीसीएस वर्ल्ड या विमान-सिम्युलेटरमधलं एफ-१६सी वायपर, जे ऑक्टोबर २०१९ मध्ये अर्ली ॲक्सेसमध्ये (पूर्ण होण्याआधीच विक्रीला) आलं. दुसरं, फाल्कन बीएमएस. त्याचं मूळ डिसेंबर १९९८ च्या फाल्कन ४.० मध्ये आहे. २००० साली त्या खेळाचा सोर्स कोड बाहेर फुटला आणि तेव्हापासून हौशी मंडळींनी तो आतून जवळपास नव्याने बांधला. दोन्हींत कॉकपिटातले खटके माउसने हलतात, दोन्हींत रडार, आरडब्ल्यूआर (शत्रूचं रडार ओळखणारा इशारा), टार्गेटिंग पॉड (लक्ष्य शोधणारा कॅमेरा) सगळं खोलवर केलेलं आहे. ही यादी इथे लांबवत नाही.

माझा कल बीएमएसकडे आहे. तो विमानामुळे नाही, विमानाभोवतीच्या युद्धामुळे आहे. पण आधी विमानाबद्दल, कारण बहुतेकांची शंका तिथेच अडकलेली असते.

इंजिन सुरू करण्याची रीत दोन्हीकडे एकच आहे. मेन पॉवर चालू, जेएफएस (इंजिनाचा स्टार्टर) स्टार्ट २ वर, आरपीएम २० टक्क्यांपर्यंत चढला की थ्रॉटल ऑफवरून आयडलला. आयएनएस या दिशादर्शक यंत्रणेचं नॉर्मल अलाइनमेंट (जागा आणि दिशा जुळवून घेणं) साधारण ८ मिनिटं घेतं, स्टोअर्ड हेडिंग, म्हणजे आधी साठवलेल्या दिशेवरून केलेलं, दीड मिनिट. डीईडी या छोट्या पडद्यावर आरडीवाय (तयार) लुकलुकायच्या आत विमान हललं तर पुढे सगळी दिशादर्शक चिन्हं सरकलेली दिसतात, आणि नवखा माणूस त्याला खेळाचा बग समजतो. म्हणजे एकीकडे शिकलेला हात दुसरीकडे वाया जात नाही. लँडिंगचंही तसंच: ११ अंश एओएवर (हवेच्या प्रवाहाशी पंखाचा कोन) उतरत या, चाकं टेकल्यावर नाक १३ अंशांपर्यंत धरून हवेचा ब्रेक घ्या, १५ च्या पुढे गेलात तर शेपूट घासलीच.

फरक जाणवतो तो काठावर. वेग संपत आलेला, नाक उंच, पंखांखाली जड माल आणि स्टोअर्सचा खटका जड मालासाठीच्या कॅट ३ ऐवजी हलक्यासाठीच्या कॅट १ वर राहिलेला, अशा वेळी दोन्हीकडे विमान डीप स्टॉलमध्ये (नियंत्रण सुटून सपाट पडत राहण्याच्या अवस्थेत) जाऊ शकतं. माझ्या हाताला बीएमएसमधला डीप स्टॉल जास्त हट्टी लागतो. सुटका एकाच क्रमाने होते: आफ्टरबर्नर (इंजिनाचा जादा जोर) लागलेला असेल तर तो काढा, स्टिक सोडून द्या, विमान स्वतः सावरतं का पाहा. सावरलं नाही तर मॅन्युअल पिच ओव्हरराइडचा (संगणकाने नाकावर घातलेली मर्यादा बाजूला सारणारा) खटका दाबून धरा आणि नाकाच्या डोलण्याशी ताल जुळवा. नाक वर जात असेल तेव्हा स्टिक मागे, खाली येत असेल तेव्हा पुढे. घाईने उलटं केलंत तर डोलणं मरतं आणि विमान सपाट पडत राहतं. डीसीएसमध्येही हीच रीत लागू पडते, पण तिथे विमान थोडं लवकर माफ करतं असं वाटतं. हा हाताचा अंदाज आहे, मोजमाप नाही.

एक सूचना दोन्हींसाठी. एफ-१६ ची खरी स्टिक जेमतेम हलते, ती दाब ओळखते. तिच्यातून थेट शेपटीचे पृष्ठभाग हलत नाहीत. तुम्ही किती जी (वळणातला ताण) मागताय ते एफएलसीएस (विमानाचा नियंत्रण-संगणक) वाचतं आणि पुढचं स्वतः ठरवतं. म्हणून स्प्रिंगच्या साध्या स्टिकवर भलामोठा कर्व्ह (मध्याजवळ स्टिकचा प्रतिसाद मंद करणारं सेटिंग) लावू नका. १० ते १५ पुरे. सेन्सर झिजलेला असेल तर २-३ चा डेडझोन (मधला निष्क्रिय पट्टा) द्या, नाहीतर हवेत इंधन देणाऱ्या टँकरच्या मागे नाक सतत थरथरतं.

जोडणीच्या कटकटी दोन्हीकडे आहेत, फक्त वेगळ्या. डीसीएसची सवय अशी की नवं उपकरण दिसलं की त्याच्या अक्षांना पिच, रोल, रडर, थ्रस्ट आपणहून वाटून देतं. मग पेडल आणि थ्रॉटल दोघंही रोल मागत राहतात आणि विमान एका बाजूला ओढतं. कंट्रोल्समध्ये एफ-१६ निवडा, अक्षांच्या आज्ञा उघडा, आणि ज्या उपकरणाचं ते काम नाही त्याच्या रकान्यातली नेमणूक एकेक करून पुसा. हे प्रत्येक विमानासाठी वेगळं करावं लागतं. यूएसबीचं पोर्ट बदललं तर विंडोज त्याच स्टिकला नवा ओळखक्रमांक देऊ शकतं आणि सगळ्या नेमणुका गेल्यासारख्या दिसतात. त्या गेलेल्या नसतात. सेव्ह्ड गेम्समधल्या डीसीएस फोल्डरात कॉन्फिग, मग इनपुट, मग विमानाचं नाव, त्यात जॉयस्टिक. जुनी फाइल तिथेच असते, तिच्या नावातला महिरपी कंसातला क्रमांक नव्या फाइलच्या नावातल्या क्रमांकासारखा केला की झालं. अपडेटनंतर चित्र अडखळायला लागलं तर त्याच सेव्ह्ड गेम्समधले एफएक्सओ आणि मेटाशेडर्स२ हे फोल्डर रिकामे करा. पहिलं लोडिंग लांबेल, पुढे सुरळीत.

बीएमएसमध्ये उपकरणांचा क्रम महत्त्वाचा. बटणांचे क्रमांक त्या क्रमावर अवलंबून असतात. एखादं उपकरण काढलं आणि क्रम बदलला, की ट्रिगर दाबल्यावर भलतंच काही होतं. यूझर फोल्डरातलं कॉन्फिग जपून ठेवा, डिव्हाइस सॉर्टिंगची फाइल त्यातच असते. थ्रॉटलवर आयडल आणि आफ्टरबर्नरच्या खुणा सेटअपमध्ये स्वतः घालून द्याव्या लागतात. आयडलची खूण जास्त वर पडली तर लँडिंगला थ्रॉटल मागे घेताना इंजिन बंद होतं. आणि बीएमएस प्रोग्राम फाइल्समध्ये कधीही टाकू नका, तिथे विंडोज फाइल लिहायला अडवतं आणि सेटिंग टिकत नाहीत.

इथपर्यंत तराजू जवळपास समतोल आहे. डीसीएसचं पारडं थोडं खालीच म्हणा, कारण त्याचं कॉकपिट, प्रकाश, ढग, जमीन हे सगळं डोळ्यांना फार सुंदर आहे.

माझ्यासाठी निर्णय झाला तो एका त्रासामुळे. डीसीएसमध्ये युद्ध म्हणजे मिशन लिहिणाऱ्याने लिहिलेले ट्रिगर. अमुक गट अमुक झोनमध्ये आला, की तमुक संदेश. तमुक रणगाडा मेला, की पुढची पायरी. यातला एक दुवा अडला की सगळंच थांबतं. सर्वांत जास्त वेळा अडतो तो संगणकाने चालवलेला विंगमन (जोडीचा वैमानिक). तो टॅक्सीवेवर कुठल्या तरी उभ्या विमानामागे थांबतो आणि थांबूनच राहतो. त्याने उड्डाण केलं तर पुढचा ट्रिगर सुटणार, तो सुटला तर अवाक्स (हवेतून टेहळणी करणारं रडार विमान) बोलणार. तुम्ही स्टीअरपॉइंट ३ वर (मार्गावरच्या ठरलेल्या बिंदूवर) घिरट्या घालताय आणि रेडिओ गप्प. सुमारे ७,००० पौंड आतलं इंधन, त्यातलं निम्मं गेलेलं. आपण काही करायचं विसरलो, की मिशन मोडलं, हे कॉकपिटातून कळायला मार्ग नाही.

शोध घ्यायचा तर असा घ्या. आधी एफ१० चा नकाशा उघडून सगळे आपापल्या जागी आहेत का पाहा, परवानगी असेल तर. रेडिओ मेनूतलं 'अदर' तपासा, पुष्कळ मिशनं तिथे तुमच्या होकाराची वाट पाहत असतात. ब्रीफिंगमध्ये दिलेल्या उंचीवर आहात ना पाहा, काही झोनना उंचीची अट जोडलेली असते. बाहेर आल्यावर लॉग फोल्डरातली डीसीएस.लॉग ही फाइल उघडा आणि मिशन स्क्रिप्टची एरर शोधा. ती सापडली तर दोष तुमचा नाही.

खरी बोचणी यानंतर आहे. डीसीएसच्या कॅम्पेनमध्ये मिशनचा निकाल ० ते १०० असा गुणांत येतो. ५० च्या वर गेलात तर पुढचा टप्पा, नेमके ५० तर तिथेच, कमी तर मागे. ट्रिगर सुटला नाही तर गुण मिळत नाहीत. दोन तासांचं उड्डाण नीट करून, लक्ष्य उडवून, रात्री सुखरूप उतरूनही टप्पा जागचा हलत नाही. पुन्हा तेच मिशन, तीच एसए-६ (विमानविरोधी क्षेपणास्त्र यंत्रणा) त्याच टेकडीमागे, आणि आता ती कुठे आहे हे आधीच ठाऊक. ज्या क्षणी शत्रूची जागा पाठ होते, त्या क्षणी आरडब्ल्यूआर ऐकण्याची गरज संपते. वास्तवाचा माझा हिशेब तिथेच बिघडतो, विमानाचं मॉडेल कितीही बारीक असो. लिबरेशनसारखी स्वयंसेवकांची बाहेरची साधनं ही उणीव बरीच भरून काढतात, पण त्यांना डीसीएसच्या मिशनस्क्रिप्टिंग फाइलमध्ये बदल लागतो आणि डीसीएसचं अपडेट किंवा दुरुस्ती ती फाइल मूळपदावर आणते. मोहिमेचा निकाल नोंदला जात नसेल तर पहिला संशय तिथे घ्या.

बीएमएसमध्ये कोरियाचं युद्ध तुमच्यावाचून चालू असतं. आघाडीची रेषा सरकते, दोन्ही बाजूंच्या पलटणी रसद मागतात, एटीओमध्ये (उड्डाणांच्या आदेशांच्या यादीत) शेकडो उड्डाणं आपापल्या वेळेला निघतात. तुम्ही त्यातलं एक उचलता. तुमच्या आसपासच्या ठरावीक परिघात प्रत्येक रणगाडा आणि विमान खरोखर उभं केलं जातं, त्याबाहेर तीच लढाई आकडेमोडीने चालते. म्हणून काल पाडलेला पूल आज पडलेलाच असतो, दुरुस्त होईपर्यंत. रडार गमावलेली सॅम (विमानविरोधी क्षेपणास्त्रांची) बटालियन उद्या आंधळी असते. विंगमन टॅक्सीवेवर अडकला, तर तो मागे राहिला एवढंच. तुम्ही एकटे जायचं की परत फिरायचं हे ठरवा, युद्ध दोन्ही निर्णय पचवतं. अयशस्वी उड्डाणसुद्धा त्या युद्धातली एक घटना असते.

यात दोष नाहीत असं नाही. आपोआप बनलेली पॅकेजेस (एका कामगिरीवर एकत्र निघणारे विमानांचे गट) कधी कधी सीड (सॅम दाबून ठेवणाऱ्या) विमानांशिवायच जाड संरक्षणात पाठवली जातात. अशी असाइनमेंट घेऊ नका, स्वतः पॅकेज बांधा: चार विमानं स्ट्राइकला, दोन सीडला, दोन एस्कॉर्टला, आणि सीडचा टीओटी (लक्ष्यावर पोहोचण्याची वेळ) स्ट्राइकच्या दोन-तीन मिनिटं आधी. आघाडीवर फार सैन्य जमलं की परिघात शिरताना फ्रेम घसरतात. कॅम्पेन दर वेळी नव्या नावाने सेव्ह करा, एखादं सेव्ह बिघडलं तर मागचं हाताशी राहतं. डीटीसीचं (मिशनची माहिती विमानात नेणारं कार्ट्रिज) मात्र कधी विसरू नका: नियोजनाच्या खिडकीत सेव्ह, आणि कॉकपिटात एमएफडी या पडद्याच्या डीटीई पानावर लोड. लोड राहिलं तर धोक्यांची वर्तुळं आणि चॅफ-फ्लेअरचे (क्षेपणास्त्रांना चकवणाऱ्या साधनांचे) तुम्ही ठरवलेले प्रोग्राम विमानात येतच नाहीत.

मित्रांसोबत उडवायचं असेल तर एक अडचण आपल्याकडे हमखास येते. पुणे-मुंबईपासून तालुक्यापर्यंत अनेक ब्रॉडबँडवाले ग्राहकाला स्वतंत्र सार्वजनिक आयपी देत नाहीत. बीएमएस खेळाडूंना शक्यतो थेट एकमेकांशी जोडतं, त्यासाठी २९३४ ते २९३७ हे यूडीपी पोर्ट लागतात. राउटरवर ते उघडूनही उपयोग होत नसेल तर कंपनीकडे स्टॅटिक आयपी मागा. डीसीएसच्या सर्व्हरवर पाहुणा म्हणून जाणं यापेक्षा सोपं आहे.

तेव्हा ज्यांना एफ-१६ बरोबर हॉर्नेट, अपाची, दुसऱ्या महायुद्धातली विमानंही हवीत, ज्यांच्याकडे ३२ जीबी रॅम आणि दणकट ग्राफिक्स कार्ड आहे, किंवा ज्यांचा जीव व्हीआरच्या दृश्यात आहे, त्यांनी डीसीएस घ्यावं. ते पस्तावणार नाहीत. व्हीआर ४.३७ पासून बीएमएसमध्येही आहे, पण नजारा डीसीएसचाच. पूर्ण किमतीला वायपर ८० डॉलरच्या घरात पडतं, सेलची वाट पाहा, आणि स्टँडअलोन आवृत्तीतली १४ दिवसांची मोफत चाचणी आधी वापरा. बीएमएसला फक्त फाल्कन ४.० ची वैध प्रत लागते, जी अगदी स्वस्तात मिळते. त्यामुळे दोन्ही शेजारी शेजारी लावून पाहणं परवडतं.

बीएमएसपासून सुरुवात केलीत तर डॉक्स फोल्डरातल्या ट्रेनिंग मॅन्युअलची मिशनं क्रमाने करा, डॅश-३४ (शस्त्रं आणि यंत्रणांचं मॅन्युअल) हाताशी ठेवा, आणि कॅम्पेनमधलं पहिलं उड्डाण बारकॅपचं (शत्रूची विमानं अडवण्याच्या गस्तीचं) निवडा. घिरट्या आघाडीच्या आपल्या बाजूला असतात, सॅमची भीती कमी, अवाक्स लक्ष्य सांगत राहतं आणि परतायला जवळचा तळ असतो. स्ट्राइकला त्यानंतर हात घाला.